डब्यातला ब्रॅडमन

पन्नासाला तिनाने भाग जात नाही, हे मला मराठी तिसरीत समजले होते. पण एवढ्याशा कारणावरून सख्ख्या भावाबहिणींत अबोला होऊ शकतो, हे समजायला मात्र सत्तरी उलटावी लागली.

आमचे वडील, अण्णा, ब्याण्णवाव्या वर्षी गेले. गिरगावातले आमचे जुने बिऱ्हाड पुढे इमारत पाडून नवी बांधायची म्हणून रिकामे करावे लागले, तेव्हा वस्तूंची वाटणी आम्ही तिघांनी अर्ध्या तासात उरकली. तांब्यापितळेची भांडी ताईकडे पुण्याला गेली. घड्याळ आणि टेबल माझ्याकडे आले. पुस्तके आणि अण्णांची छत्री धाकट्याने अमेरिकेला नेली. (छत्री का, हे मी विचारले नाही. काही गोष्टी विचारू नयेत.) शेवटी उरला तो बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, आणि घोडे तिथेच अडले.

डब्यात होती अण्णांची सिगारेट-कार्डे. एकशे त्रेचाळीस. वाचकांपैकी ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सिगारेटचे पाकीट पूर्वी नुसत्या कागदाचे असे, आणि आतल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून त्यात एक पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. तो कोराच का ठेवा, असा विचार अमेरिकेतल्या तंबाखूवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत केला आणि त्यावर चित्रे छापली. विलायतेत विल्स, प्लेअर वगैरे कंपन्यांनी तीच युक्ती उचलली. पंचवीस किंवा पन्नास चित्रांची एक मालिका. पाकिटात एका वेळी एकच चित्र. सबंध मालिका हवी तर पाकिटे घेत राहा. पुढच्या बाजूला चित्र, मागे माहिती. आगबोटी, फुले, विमाने, सिनेनट, क्रिकेटपटू, काय वाटेल ते. सर्वसाधारण आकार रुंदीला छत्तीस मिलिमीटर आणि उंचीला अडुसष्ट, म्हणजे पत्त्यातल्या पत्त्याहून बराच लहान. १९४० साली युद्धामुळे विलायतेत कागदाची टंचाई झाली आणि हा सगळा प्रकार बंद पडला.

अण्णांचा जन्म १९२६ चा. त्यांनी उभ्या जन्मात सिगारेट ओढली नाही. पण शेजारच्या बिऱ्हाडातले एक काका बॅलार्ड इस्टेटीत एका आगबोट कंपनीत कारकून होते, त्यांच्या साहेबाच्या टेबलावर रिकामी पाकिटे पडत, आणि ती काकांमार्फत आमच्या चाळीत येत. १९३७-३८ साली मुंबईच्या पोरांना क्रिकेटचे वेड काय असेल ते सांगायला नको. चौरंगी सामने त्याच सुमारास पंचरंगी झाले होते, ब्रेबर्न स्टेडियम नवे कोरे होते. त्यामुळे डब्यात विमाने आणि सिनेनट्या असल्या तरी मान क्रिकेटवाल्यांचा. प्लेअर कंपनीने १९३४ साली आणि पुन्हा १९३८ साली पन्नास-पन्नास क्रिकेटपटूंची मालिका काढली. दोन्हींत ब्रॅडमन आहे. अण्णांकडे १९३८ ची मालिका पुरी होती. पन्नासच्या पन्नास.

आता ही वाटायची कशी? धाकटा म्हणाला, "प्रत्येकी एक तृतीयांश." ताई म्हणाली, "मोडायची नाही, एकाकडे राहू दे." एकाकडे म्हणजे कोणाकडे, हे तिने सांगितले नाही आणि आम्ही ओळखले. मी समेटाचा मार्ग काढला: सगळ्या कार्डांची स्कॅनरवर उत्तम चित्रे काढतो, तिघांकडे तिन्ही संच राहतील, मग मूळ डब्याचे काय ते सावकाश बघू. दोघेही कबूल झाले. मी मात्र त्या वेळी "उत्तम" हा शब्द फार सहज वापरला होता.

घरी छपाईचे यंत्र आहे, त्याच्याच डोक्यावर स्कॅनर आहे. नातीने तो कसा चालवायचा ते दाखवले. काचेवर मूठभर कार्डे पसरली, झाकण लावले, बटण दाबले. दोन दुपारी काम संपले. चित्रे भावाला पाठवली, बहिणीला पाठवली, आणि मी कृतकृत्य होऊन झोपलो.

आठ दिवसांनी धाकट्याचा फोन. त्याच्या मनात अण्णांच्या शंभरीनिमित्त एक मोठा फलक करायचा होता. एकेक कार्ड चौपट मोठे, भिंतीवर ओळीने. त्याने एक छापून पाहिले होते.

"दादा, हे तू घाईघाईने उरकलंस. ब्रॅडमन आहे की धुक्यातला दिव्याचा खांब, काही कळत नाही."

मी म्हटले, "अरे, कार्डच जुनं आहे."

"कार्ड जुनं आहे, धूसर नाही. अण्णांच्या मांडीवर बसून पाहिलंय मी ते."

ताईने तर त्याहून नेमके विचारले. "मागच्या बाजू कुठे आहेत?"

मागच्या बाजू मी घेतल्याच नव्हत्या. मागे इंग्रजीत बारीक अक्षरात त्या त्या खेळाडूची माहिती, ती कोण वाचतो, असे मला वाटले. पण ताई सर्वांत मोठी, तिला आठवत होते. प्रत्येक कार्ड मिळाले की अण्णा त्याच्या पाठीला कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहून ठेवीत: कुणी दिले, कशाच्या बदल्यात मिळाले. "दोन विमाने देऊन." "काकांकडून, संक्रांत." बारा वर्षांच्या मुलाची जमाखर्चाची वही होती ती. मी डबा काढून पाहिले. खरेच होते. सत्तर वर्षे मी तो डबा पाहत आलो होतो आणि कार्ड उलटून कधी पाहिले नव्हते.

तेव्हा हे काम पुन्हा आणि नीट करायचे ठरले. त्यासाठी जे शिकलो ते इथे सांगतो, कारण तुमच्याही घरी माळ्यावर असा एखादा डबा असणार. सिगारेट-कार्डांचा नसेल तर काडेपेट्यांच्या छापांचा असेल, मुलाच्या लहानपणच्या कुस्तीगीरांच्या पत्त्यांचा असेल.

पहिली चूक हिशेबाची. स्कॅनर चित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करतो आणि दर इंचाला किती ठिपके घ्यायचे ते आपण सांगायचे असते. त्याला डीपीआय म्हणतात. मी यंत्राने सुचवलेले तीनशे तसेच ठेवले होते. छत्तीस बाय अडुसष्ट मिलिमीटरच्या कार्डाचे तीनशेने सुमारे ४२५ बाय ८०३ ठिपके होतात. चांगल्या छपाईलाही इंचाला तीनशेच ठिपके लागतात, म्हणजे तेवढ्या चित्रातून कार्ड आहे त्याच आकाराचे छापता येते, मोठे नाही. धाकट्याने ते चौपट ताणले. दर इंचाला पंचाहत्तरच ठिपके उरले. धुके पडणारच. चौपट हवे तर बाराशेने घ्यायला हवे, म्हणजे १७०० बाय ३२१२. नुसते पडद्यावर पाहायचे आणि फार तर दुप्पट छापायचे तर सहाशे पुरे. इथे एक सावधगिरी. खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात, त्यांतला "ऑप्टिकल" म्हणून लिहिलेला आकडा तेवढा खरा. त्यापुढचे आकडे म्हणजे यंत्राने अंदाजाने मध्ये भरलेले ठिपके. दुधात पाणी घालून लिटर वाढवण्यातलाच प्रकार.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. स्कॅनर दोन जातींचे असतात. छपाईयंत्राच्या डोक्यावर बहुतेक जो असतो, त्यात काचेला अगदी लागून प्रकाश टिपणाऱ्या पेशींची एक पट्टी सरकते. ही जात सडपातळ, स्वस्त. पण तिला फक्त काचेला टेकलेलेच स्पष्ट दिसते. वस्तू दोन-तीन मिलिमीटर वर उचललेली असली की ती पुसट. आणि ऐंशी-पंचाऐंशी वर्षांची, मुंबईच्या हवेत राहिलेली कार्डे सपाट थोडीच असणार? सगळी पापडासारखी वाकलेली. कडा काचेला टेकलेल्या आणि ब्रॅडमनचे नाक अधांतरी. दुसऱ्या जातीत आरसे आणि भिंग असते. ती बोजड असते, पण काचेपासून थोडे वर असलेलेही स्वच्छ टिपते. एका स्नेह्याने फोटोंच्या निगेटिव्हसाठी असा स्कॅनर घेतला होता, तो मी महिनाभर मागून आणला.

आपला स्कॅनर कोणत्या जातीचा, हे पाहायची घरगुती परीक्षा आहे. स्टीलची पट्टी घ्या. तिचे एक टोक काचेवर टेकवा, दुसऱ्या टोकाखाली चार-पाच नाणी ठेवून ते उचला. स्कॅन करा आणि कितव्या रेघेपासून आकडे पुसट होतात ते पाहा. माझ्या घरच्या यंत्रावर पट्टी उचलल्याबरोबर आकडे विरघळू लागले. स्नेह्याच्या यंत्रावर जवळजवळ टोकापर्यंत वाचता आले. ही परीक्षा मी आधी केली असती तर पुढचे बरेच टळले असते.

पुढचे म्हणजे काय, ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

पहिला स्कॅन झाला तेव्हा मे महिना होता. काम झाले असे समजून मी कार्डांचा एकावर एक गठ्ठा केला, त्याला रबर लावले आणि तो डब्यात ठेवला. अण्णा प्रत्येक कार्डामध्ये वहीच्या कागदाचा कपटा घालून ठेवीत. ते कपटे मला कचरा वाटले. मी टाकून दिले होते. आता गोष्ट अशी की १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बऱ्याच विलायती मालिकांच्या पाठीला डिंक लावलेला असे. एका पेनीला आल्बम विकत मिळे, त्यात पोरांनी पाठ ओली करून चिकटवायचे, पोस्टाच्या तिकिटासारखे. अण्णांना आल्बम कधी मिळाला नाही, म्हणून डिंक तसाच राहिला. आणि मग जुलै आला. मुंबईचा जुलै! भिंतींना ओल सुटते, मीठ पाझरते, काड्या पेटत नाहीत. दुसऱ्या फेरीसाठी मी डबा उघडला तेव्हा कार्डांच्या पाच जोड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या होत्या. वरच्याच्या पाठीचा डिंक खालच्याच्या चित्राला.

अशा वेळी शहाण्या माणसाने हात काढून घ्यावा. मी पोस्टकार्डाची कड मध्ये सारली आणि ओढले.

आवाज अगदी थोडा आला. खालचे कार्ड ब्रॅडमनचे होते. त्याच्या चित्राचा डावा अर्धा भाग पापुद्र्यासारखा सुटून वरच्या कार्डाच्या पाठीला बसला, आणि त्या पाठीवरचे अण्णांचे पेन्सिलीतले अक्षर त्याखाली गेले. एका झटक्यात दोन कार्डे गेली. ब्रॅडमनचा अखंड चेहरा आता कुठे आहे? मी मे महिन्यात उरकलेल्या त्या तीनशे ठिपक्यांच्या धुक्यात. आणि पेन्सिलीचे अक्षर तर तिथेही नाही, कारण पाठी मी घेतल्याच नव्हत्या.

आमची सौभाग्यवती दारात उभी होती. ती काही बोलली नाही. तिने चहा आणून ठेवला. ती बोलली असती तर मला बरे वाटले असते.

ब्रॅडमनचे ते कार्ड जगात दुर्मीळ नाही. लाखांनी छापलेली चित्रे ती, आजही विलायतेत विकत मिळतात. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तर आपल्या तंबाखूविषयक संग्रहातल्या सिगारेट-कार्डांची चित्रे साऱ्या जगाला पाहायला ठेवली आहेत. पण त्यांतल्या एकाही पाठीवर "दोन विमाने देऊन" असे लिहिलेले नसणार.

त्याच शहरातल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफरसन बर्डिक नावाच्या गृहस्थाचा संग्रह आहे. तीन लाखांहून अधिक छापील कार्डे आणि चिठ्ठ्या, त्यांत बेसबॉलचीच तीस हजारांच्या घरात. माणूस सिरॅक्यूजच्या एका विजेच्या सामानाच्या कारखान्यात जोडारी करणारा, संधिवाताने सांधे आखडलेले. १९४७ पासून तो आपला संग्रह संग्रहालयाला देत गेला, आणि पुढे स्वतः तिथे बसून कार्डे आल्बमांत चिकटवीत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपले, मार्चमध्ये तो वारला. त्याच्यापुढे मी मान लववतो. पण चिकटवण्याचे नाव काढले की आता माझ्या पोटात गोळा येतो.

मी महिनाभर ही गोष्ट भावाबहिणींना सांगितली नाही. "पावसामुळे काम थांबलंय," एवढेच. ते खोटे नव्हते. त्या महिन्यात एका जुन्या ग्रंथपाल मित्राकडे गेलो. उरलेल्या चार जोड्या पाहून त्यांनी एकच सांगितले: "हात लावू नका." डिंक पाण्यात विरघळणारा असला तरी ओलावा द्यायचा तो बंद पेटीत, टिपकागदातून, अगदी हळूहळू, आणि तेही त्यातल्या जाणकाराने. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरायचे नाही. (हे त्यांनी मला बघून मुद्दाम सांगितले असावे.) त्या चार जोड्या अजून तशाच आहेत. वरच्याचे चित्र आणि खालच्याची पाठ एवढेच स्कॅन केले आहे.

बाकीच्यांचे काम मी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात सुरू केले. आधी वाकलेली कार्डे टिपकागदात घालून वर चार जाड पुस्तके ठेवून दहा दिवस दाबली. काच मऊ कापडाने पुसली. द्रव काचेवर शिंपडायचा नाही, कापडावर घ्यायचा. नाही तर तो कडेने आत शिरतो. धूळ फुंकरीने उडवायची नाही, कारण फुंकरीबरोबर आणखी काय काय जाते ते तुम्ही जाणता. छोटा रबरी फुगा मिळतो, तो दाबून हवा सोडायची. हातमोजे घालावेत अशी माझी समजूत होती. मोठी ग्रंथालये कागदासाठी ते सांगत नाहीत. स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे, कारण मोज्यातल्या बोटांना कड कळत नाही.

मग साचा. काळ्या पुठ्ठ्याला मी आणि नातीने कार्डाएवढ्या खिडक्या कापल्या, आडव्या पाच आणि उभ्या चार. वीस कार्डे एका वेळी. प्रत्येक खिडकीला अंगठ्याएवढी खाच ठेवली, म्हणजे कार्ड उचलताना कडेला नख लागत नाही. पुढची बाजू झाली की प्रत्येक कार्ड आपापल्या खिडकीतच उलटायचे. तिसऱ्या ओळीतले दुसरे कार्ड मागूनही तिसऱ्या ओळीतले दुसरेच राहते, आणि कोणाची पाठ कोणाला असा घोळ होत नाही. साचा काळाच हवा, आणि वर ठेवायचा कागदही काळा. पांढरे झाकण असले तर प्रकाश पातळ कार्डातून आरपार जाऊन परततो आणि मागची अक्षरे चेहऱ्यावर उमटतात. शिवाय पांढऱ्या कडेचे कार्ड पांढऱ्यात कुठे संपले ते कळत नाही.

हा काळा कागद ज्यांच्यासाठी सर्वांत गरजेचा ठरला ती सात कार्डे विलायती नव्हतीच. इंग्रजी मालिकेत नायडू नाही, मर्चंट नाही, निसार आणि अमरसिंग नाहीत, याचा अण्णांना राग आला असावा. त्यांनी वर्तमानपत्रातली चित्रे कापून सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर खळीने डकवली होती, बरोबर छत्तीस बाय अडुसष्ट. पाठीवर इंग्रजीत स्वतःच माहिती लिहिली होती, कंपनीच्या थाटात, मालिकेचा क्रमांक घालून. क्रमांक एक्कावन्नपासून पुढे! मर्चंटच्या नावातले एक अक्षर चुकले आहे. ही सात कार्डे मी एकेकटी, प्रत्येकी तीनदा स्कॅन केली.

यंत्राला बरेच काही आपणहून करायची हौस असते. ते रंग "सुधारते", कडा "धारदार" करते, उजेड बेतते. हे सगळे बंद करायचे. पिवळटलेला कागद त्याला रोग वाटतो आणि ते तो पांढरा करते. आणि विमानाच्या निळ्या आकाशाशेजारी क्रिकेटवाल्याचा पांढरा सदरा असला तर प्रत्येक पानाचा उजेड निराळा येतो. जे आहे ते येऊ द्यावे. सुधारणा नंतर, आणि तीही नकलेवर.

जाळीचा त्रासही सांगायला हवा. छापील चित्र जवळून पाहिले तर ते बारीक ठिपक्यांचे असते. स्कॅनरचेही ठिपकेच. ठिपक्यांवर ठिपके पडले आणि त्यांचे माप जवळपास जुळले की चित्रभर लाटा दिसतात. मच्छरदाणीच्या दोन पदरांतून दिव्याकडे पाहा, तशाच. माझ्या पहिल्या फेरीत वर्तमानपत्री नायडूंच्या अंगरख्यावर अशा लाटा होत्या. उपाय सोपा: बाराशेने घ्या, म्हणजे छापील ठिपका न् ठिपका सुटा दिसतो, आणि पाहण्यासाठी लहान प्रत हवी तर ती नंतर संगणकावर आकार कमी करून बनवा.

साठवायचे ते टिफ नावाच्या प्रकारात. जेपेग आटोपशीर, पण ती काही तपशील गाळून आटोपशीर होते आणि दर वेळी बदल करून पुन्हा साठवली की पुन्हा गाळते. आमच्या आठ पानांच्या पुढच्यामागच्या बाजू मिळून सोळा स्कॅन झाले, बाराशेने एकेक चारशे एमबीच्या आसपास, एकूण साडेसहा जीबीच्या वर. ते तीन ठिकाणी ठेवले आहेत: माझ्याकडे, पुण्याला, अमेरिकेला. वाटणी झाली म्हणायची तर एवढीच झाली.

नातीकडे हल्लीच्या खेळातली चमकत्या कार्डांची चळत आहे, त्रेसष्ट बाय अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरची. "आजोबा, माझीपण करा ना." केली. साधी उत्तम आली. चमकणारी मात्र काळवंडली. स्कॅनरचा दिवा तिरका पडतो, आणि वर्खावरून आलेली तिरीप भलतीकडेच निघून जाते. त्यांचे खिडकीच्या उजेडात, कार्ड किंचित कलते धरून, कॅमेऱ्याने फोटो काढले. ती खूश झाली. तिच्या कार्डांच्या पाठीवर तिने काहीच लिहिलेले नाही. मी तिला एक पेन्सिल दिली.

पण त्या तिरक्या दिव्यावरूनच मला एक गोष्ट सुचली. दिवा एका बाजूने पडत असेल तर कागदावरच्या खळग्यांत सावली पडणार. शिसपेन्सिल दाबून लिहिली की कागदात चर उमटतो. ब्रॅडमनचा पापुद्रा ज्या पाठीला बसला होता ते कार्ड मी काचेवर चारी दिशांनी फिरवून, दर वेळी पाव वळसा देऊन, चारदा स्कॅन केले. पापुद्रा सगळीकडे सारखा बसला नव्हता. तिसऱ्या स्कॅनमध्ये, मोठे करून पाहिल्यावर, त्याच्या कडेपासून काही चर दिसले. एक काना. एक मात्रा. पुढे "दिले" किंवा "दिली".

तेव्हाच मी दोघांना फोन लावला आणि सगळे सांगितले. जुलैचे, रबराचे, कपट्यांचे. धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते कपटे तू टाकलेस?" ब्रॅडमनबद्दल तो एक शब्द बोलला नाही. ताई म्हणाली, "मला आधी ते चित्र पाठव."

पाठवले. गेले तीन रविवार आम्ही तिघे पडद्यावर समोरासमोर बसतो. इथे सकाळ, तिथे रात्र. ताई म्हणते तो शब्द "मामांनी" आहे. १९३८ साली अण्णांचे मामा नागपूरहून आले होते असे तिला आजीने सांगितले होते. धाकट्याला तो "नानाने" दिसतो. नाना कोण, हे तिघांपैकी कुणालाही ठाऊक नाही. मला तर कधी हे दिसते, कधी ते. काल रात्री तेवढाच कोपरा मी चोवीसशेने पुन्हा घेतला आहे, या वेळी डोके खाली करून. फाईल अजून ताईकडे पोचायची आहे. पुण्याचे इंटरनेट आज हळू आहे.